शेवटच्या दिवाळीचं आमंत्रण

लोक ऑक्टोबरात स्कॉटलंडला पानं बघायला जातात. मी आमंत्रण द्यायला गेले होते. पानं वाटेत लागली, पाहिली, छानच होती. पण ट्रिप कशी झाली असं कुणी विचारलं, की माझ्या तोंडून अजूनही "झाली" एवढंच बाहेर पडतं आणि विचारणारा बिचारा मग फोटो मागतो.

आमंत्रण माझ्या लेकीला होतं, आणि तेही तिच्याच घराचं. नवरा डिसेंबरात रिटायर होणार होता. आखातात नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की घर. मग पुण्यात घेऊन ठेवलेल्या फ्लॅटमध्ये जायचं, हे आल्या दिवसापासून ठरलेलं. म्हणजे दुबईतल्या अल मनखूल भागातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांमधली ही शेवटची दिवाळी. लेक जन्मली दुबईत, वाढली याच घरात, शाळेची बस पकडायची ती याच बिल्डिंगच्या खाली. आधी शिक्षणासाठी आणि मग नोकरीसाठी एडिनबराला गेली, तेव्हापासून ती या घरी आलीच नव्हती. भेटी व्हायच्या त्या पुण्यात, कुणाच्या तरी लग्नात, गर्दीत. माझं मागणं एवढंच होतं, की सामान बांधायच्या आधी तिने एकदा यावं, चार दिवस आपल्या खोलीत झोपावं, लक्ष्मीपूजनाला आम्ही तिघं असावं. फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं: "बघते गं", "लीव्हचं बघावं लागेल", "आई, नॉट नाऊ". शेवटी ठरवलं, समोर बसून विचारायचं. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही.

नवऱ्याने विमानातच बजावलं होतं, "तिकडे जाऊन तिच्या मागे लागू नकोस. तिला तिचं लाइफ आहे."

नवऱ्याची नोकरी फुजैराच्या बंदरात, तेलाच्या टर्मिनलवर. सगळा आठवडा तिकडे, सुट्टीचे दोन दिवस घरी. लेक मोठी झाली ती तो घरी नसताना, म्हणून तिच्याशी तो अजूनही पाहुण्यासारखा जपून बोलतो. मी तशी नाही. तिचे ताप, तिच्या परीक्षा, दारं आपटणं, सगळं मी एकटीने निभावलं. तिच्या मागे लागायचा हक्क मी कमावलेला आहे.

शनिवारी सकाळी लेकीने एक छोटी गाडी भाड्याने आणली. म्हणाली, "आज तुम्हाला प्रॉपर ऑटम दाखवते." मी पहाटे उठून धपाटे केले होते, दह्याची चटणी आणि चहाचा थर्मास घेतला होता. तिने पिशवीकडे पाहून डोळे फिरवले. "आई, वाटेत कॅफे असतात." मी म्हटलं, "असू देत की. आपण त्यांना त्रास द्यायचा नाही."

तिथे गाडी उजवीकडे बसून चालवतात, आमच्याकडे डावीकडे. नवरा सवयीने डाव्या दाराकडे गेला, आत बसला आणि समोर स्टिअरिंग नाही हे पाहून क्षणभर गोंधळला. पुढे दिवसभर त्याचा पाय ब्रेक शोधत होता. वळण आलं की पाय दाबायचा. लेकीला ते दिसत होतं. ती वळणांवर गाडी जरा सावकाश घेऊ लागली.

शहर मागे पडलं आणि सगळं एकदम शांत झालं. शांत म्हणजे किती, ते आमच्यासारख्या एसीच्या घरघरीत आयुष्य काढलेल्यांनाच कळेल. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे एवढंच, की संध्याकाळी बाल्कनीत उभं राहिलं तर चष्म्यावर वाफ धरत नाही. इथे डोंगरच्या डोंगर रंग बदलत होते. खाली नेच्याची झुडपं गंजल्यासारखी लाल-तपकिरी, वर भूर्जाची पांढऱ्या खोडांची झाडं पिवळीधमक, मध्येच लाल फळांनी लगडलेलं एखादं झाड. पाऊस पडत नव्हता, पण हवेत होता. काच पुसली तरी ओली. मेंढ्यांच्या पाठीवर निळे-लाल ठिपके मारले होते. कुणाची मेंढी कोणती हे कळावं म्हणून, असं लेकीने सांगितलं. नवरा म्हणाला, "गुड सिस्टीम." टर्मिनलवरच्या माणसाला कशातही सिस्टीम दिसते.

पुढे रस्ता इतका अरुंद झाला की एकच गाडी जाईल. समोरून कुणी आलं की ज्याला जवळ पडेल त्याने बाजूच्या फुगवट्यात शिरायचं, दुसऱ्याला जाऊ द्यायचं, आणि जाणाऱ्याने स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून आभार मानायचे. लेक हे सगळं सराईतपणे करत होती. आमच्या शेख झायेद रोडवर मागची गाडी नुसते दिवे मारून जीव काढते. मला तिचं कौतुक वाटलं आणि त्याच्या पाठोपाठ वाईटही वाटलं. ही बोटं उचलणं तिला आम्ही शिकवलं नव्हतं. ती आमच्याशिवाय शिकली होती.

मी विषयाला हात घातला. "दिवाळी यंदा वीकेंडला लागून आलीये."

"आई, लुक! हायलंड काऊ!"

खरंच गाय होती, डोळ्यांवर केस आलेली, चिखलात शांतपणे उभी. आम्ही उतरलो, फोटो काढले. गायीने आमच्याकडे पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत. परत गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "गाय पाहून झाली असेल तर मी दिवाळीचं बोलत होते." नवऱ्याने रेडिओ लावला. बाई कुठल्यातरी समुद्राचं हवामान सांगत होती. आम्ही तिघांनी ते मन लावून ऐकलं.

दुपारी एका खेड्यात थांबलो. दगडी घरं, एक चर्च, एक कॅफे. धपाटे पिशवीतच राहिले आणि आम्ही सूप मागवलं. कॅफेवाली माझ्या वयाची, गुबगुबीत, बोलकी. टेबल पुसता पुसता तिने विचारलं, तुम्ही मंडळी कुठली? नवरा म्हणाला, "इंडिया." मी म्हणाले, "दुबई." लेक म्हणाली, "एडिनबरा." तिन्ही उत्तरं एकदम गेली. बाईने तिघांकडे पाहिलं, "लव्हली" म्हणाली आणि ब्रेड आणायला गेली. नवरा हसला, लेक हसली. मला काही केल्या हसू येईना. एका टेबलावर बसलेलं एक कुटुंब, आणि गाव विचारलं तर तीन. मी सूपमध्ये मीठ घालत राहिले आणि ते खारट करून बसले.

सूप संपता संपता मी पुन्हा सुरू केलं. या वेळी जरा गोडीने. तुझ्या आवडीच्या ओल्या नारळाच्या करंज्या करीन. शेजारच्या काकूंना तुला बघायचंय. मीना बाजारातून तुला हवा तो ड्रेस घेऊ. तुझ्या खोलीतली पुस्तकं, खोकी, काय ठेवायचं काय टाकायचं तू सांग, मला कळत नाही.

"काहीच ठेवू नकोस, आई. रिअली. गिव्ह इट अवे."

"अगं, तुझ्या शाळेच्या ट्रॉफ्या आहेत."

"त्या प्लास्टिकच्या आहेत."

नवरा टेबलाखालून पायाने खुणावत होता. पाय सकाळपासून कामातच होता त्याचा. मी त्याला मोठ्यांदा म्हटलं, "अहो, लागतंय मला." शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने मान वर केली. लेक उठून बिल द्यायला गेली.

मला इथे एक गोष्ट सांगायला हवी. लेकीचा दुबईचा व्हिसा केव्हाच गेला होता. सहा महिन्यांच्या वर देशाबाहेर राहिलं की तो बाद होतो. ती वेळेत आली नाही, मग नवऱ्याने कंपनीतून तो रीतसर रद्द करून घेतला. संध्याकाळी फोनवर मला म्हणाला, "तिचं काम खलास झालं." मी कणीक मळत होते. म्हटलं, बरं. आमच्या दृष्टीने तो कागद होता. तिच्याकडे ब्रिटनचा परवाना आहे, विमानतळावर उतरल्या उतरल्या थोड्या दिवसांचा शिक्का मिळतो, मग अडलंय कुठे? माझ्या डोक्यात एवढंच.

कॅफेनंतर ती आम्हाला एका तळ्याकाठी घेऊन गेली. तिकडे त्याला लॉख म्हणतात. लांबच लांब, काळसर पाणी, पलीकडे डोंगर, डोंगराचा पिवळा रंग पाण्यात उतरलेला. माणूस कुणी नव्हतं. पायाखाली ओल्या पानांचा थर, चालताना आवाजही होत नव्हता. नवरा पुढे गेला, हात पाठीमागे बांधून. आम्ही दोघी मागे. इतकी सुंदर जागा होती, आणि मी काय केलं, तर भांडले. मला राहवलंच नाही.

"तुला लीव्ह मिळत नाही की तुला यायचं नाही? सरळ सांग. इतकी वर्षं मी ते घर सांभाळलं ते काय माझ्यासाठी? आठवडाभर एकटी असायचे मी तिथे. तू गेल्यावर तर भिंतींशी बोलायचे. आता शेवटचं एकदा ये म्हणतेय, तर तुला गायी दाखवायच्यात."

ती थांबली. तिने कोटाच्या खिशात हात घातले. मग म्हणाली, "आई, मी येऊन गेले."

"कुठे?"

"घरी. ऑगस्टमध्ये."

मला आधी कळेचना. ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याला होतो. दरवर्षी असतो. शाळा बंद झाल्या की अर्धं अल मनखूल इंडियाला जातं. लेक मोठी होऊन गेली तरी आमची ती सवय सुटली नव्हती. हे तिला ठाऊक होतं. पुण्यात बसून मी तिला रोज व्हिडिओ कॉल करत होते.

तिने सांगितलं ते असं. ऑफिसच्या कामासाठी सिंगापूरला गेली होती, येताना विमान दुबईत बदलायचं होतं. मध्ये जवळजवळ एक दिवस होता. ती बाहेर पडली. पासपोर्ट नवा, त्यात दुबईचा एकही शिक्का नाही. काउंटरवरचा मुलगा हसून म्हणाला, वेलकम टु दुबई, फर्स्ट टाइम? आणि टूरिस्टांना देतात ते फुकटचं सिमकार्ड त्याने पासपोर्टसोबत तिच्या हातात ठेवलं.

"तू काय सांगितलंस त्याला?"

"येस म्हटलं. काय सांगणार, आई? लाइन मोठी होती."

घराची किल्ली तिच्याकडे होतीच. गेली त्या दिवसापासून तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. ती टॅक्सीने आली, वर गेली, दार उघडलं. मेन स्विच बंद, सोफ्यावर चादरी, पडदे ओढलेले, आणि उकाडा असा की श्वास घेववेना. तिने एसीही लावला नाही. स्वयंपाकघरातल्या फरशीवर आडवी झाली, कारण लहानपणापासून तिला तीच फरशी सगळ्यात गार वाटते. दुपारभर तिथे पडून राहिली. मशिदीतली बांग ऐकली. आपल्या खोलीत जाऊन आली. बाल्कनीत उभी राहिली. संध्याकाळी दार लावून विमानतळावर गेली.

"आय सेड माय गुडबाय," ती म्हणाली. "माझं झालं, आई. परत नाही करता येणार मला."

"पण आम्ही नसताना? आम्ही असताना यायचं. मी असते तर..."

"तू असतीस तर मला रडता आलं नसतं. तू मला जेवायला वाढत बसली असतीस."

मग ती रडली. उभ्या उभ्या, खिशातले हात बाहेर न काढता. मी तिला जवळ घेतलं. तिचा कोट ओला होता, केसांना त्या हवेचा वास येत होता, माझ्या घरातला नाही. आणि आईच्या जातीला लाज नसते, मला त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही. मी विचारलं, "खाल्लंस काय मग दिवसभर?"

"काय असणार? तू फ्रिज रिकामा केला होतास."

केला होता. दरवर्षी करते. आखातातली प्रत्येक बाई करते. निघायच्या आधी दूध-दही शेजारी द्यायचं, भाज्या संपवायच्या, पीठं-डाळी डब्यात बंद करायच्या. फ्रिज पुसून कोरडा करायचा, बटण बंद, आणि वास धरू नये म्हणून दारात नॅपकिनची गुंडाळी अडकवायची. मोठ्या अभिमानाने करायचे मी हे. शेजारणी म्हणायच्या, तुमच्या घरात शिरलं की महिना-दीड महिना कुणी नव्हतं असं वाटत नाही.

"खालच्या कॅफेटेरियातून पराठा आणला आणि करक चहा. तोच मलबारी काका होता. त्याने विचारलं, मम्मी इंडिया गई? म्हटलं, हो." ती नाक पुसत हसली. "इट वॉज अ गुड पराठा."

नवरा परत आला तेव्हा आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. मी त्याला तिथल्या तिथे सगळं सांगितलं. घर सोडताना मालकाला सगळ्या किल्ल्या परत द्याव्या लागतात. एक जरी कमी पडली तरी डिपॉझिट कापतात, आणि हा माणूस डिपॉझिटला देवासारखा मानतो. त्याने विचारलं, "किल्ली आहे अजून तुझ्याकडे?"

"आहे, बाबा. देते."

"राहू दे," तो म्हणाला. "ठेव तुझ्याकडे." मग घड्याळात पाहून म्हणाला, "यल्ला, चला, अंधार पडेल."

परतीच्या वाटेवर मी पिशवीतले धपाटे काढून दोघांना दिले. गार झाले होते, चामट झाले होते. लेकीने गाडी चालवता चालवता दोन खाल्ले, तिसरा मागून घेतला. दिवाळीचं नाव मी काढलं नाही. बाहेर पिवळे डोंगर काळे होत गेले. मला फार वाईट वाटत होतं, आणि तिचा राग मात्र आला नाही. ती आली नाही म्हणून मी मनाला लावून घेतलं होतं. ती आली होती, हे त्याहून जड निघालं. माझी मुलगी शेवटची आपल्या घरी आली, तेव्हा मी त्या घरात तिच्यासाठी घोटभर दूधसुद्धा ठेवलेलं नव्हतं. कुणाची चूक म्हणावं तर कुणाचीच नाही. आम्ही तिला असं घर दिलं की जे कधीही आवरून निघता येईल. तिने ते आवरलं, आमच्या आधी.

दिवाळी झाली. कंदील लावला, फराळ केला, करंज्याही केल्या. लक्ष्मीपूजनाला फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि लेक ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं त्यात बसली. मग डिसेंबर लागला आणि घर हळूहळू निघून गेलं. सोफा गेला, कपाटं गेली, तिचा पलंग वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने नेला. निघायच्या दोन दिवस आधी फ्रिज तेवढा उरला होता. तो न्यायला जुनं सामान घेणारा पठाण आला. ट्रॉली दारात उभी करून त्याने फ्रिज उघडला आणि माझ्याकडे वळला.

आत दूध होतं. दही, अंडी, निवडून ठेवलेली कोथिंबीर, कणकेचा गोळा, चटणीचा डबा, झाकण लावलेली उसळ, आंबेमोहोराच्या भाताचं पातेलं. आदल्या दिवशी मी भाजीही आणून भरली होती.

"मॅडम, ये तो फुल है. फोन पे बोला था ना, खाली करके रखना?"

लेक येणार नाही हे मला माहीत होतं. तिच्याच तोंडून ऐकलं होतं. तरी फ्रिज रिकामा करायला माझा हात होईना.

नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला. त्याने फ्रिजमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दोन माणसांना दोन दिवसांत संपणार नाही एवढं त्यात आहे, हे त्यालाही दिसत होतं.

"भाई, कल आओ," तो पठाणाला म्हणाला.

"कल पक्का खाली मिलेगा?"

"इन्शाल्ला," नवरा म्हणाला, आणि त्याने फ्रिजचं दार नीट लावून घेतलं.